कूलरला लावलेली मोटर

भारतचा हात सोन्याचा, पण कशाला हात लावायच्या आधी विचारायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. तांड्यातल्या बायका म्हणत, आईनंच शिकवलं नाही. शिकवायचं म्हणून त्याच्या आईनं, हंसाबाईनं, त्याच्या पाठीवर दोन पळ्या वाकवल्या होत्या, ते त्या बायका सांगत नसत.

थोरली लेक उज्ज्वला बाळंतपणाला आलेली. पोर बारा दिवसांची, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि नेमकी कूलरची पाण्याची मोटर जळाली. यवतमाळच्या दुकानदारानं पाहिल्यासारखं केलं आणि नवा घ्या म्हणाला.

"मोडलं का फेका, हे शिकवते तो," हंसाबाई भारतला म्हणाली. "तुले येते ना सारं? मंग करून दाव."

एवढं बोलून ती शेजारच्या मानीबाईकडे पापड लाटायला गेली. दुपारी परतली तर कूलर सुरू. वाऱ्यासमोर उज्ज्वला आणि पोर गाढ झोपलेल्या. भारत दारात, लग्नात मान मिळालेल्या जावयासारखा उभा.

हंसाबाई उंबऱ्यावरच थबकली. वाळ्याच्या वासाखाली दुसरा एक वास होता. कपाशी फवारून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला येतो, तो.

"मोटर कोठून आनली?"

"आपल्याच फवारणीच्या पंपाची, याडी. पडूनच होता. नळीबी त्याचीच बसवली."

पुढचं तिनं ऐकलं नाही. बटन बंद केलं, पोरीला उचललं, उज्ज्वलेला दंडाला धरून निंबाखाली ओढत नेलं. मागच्या हंगामात हाच पंप पाठीवर घेतलेला तांड्यातला बाबूसिंग तीन दिवस दवाखान्यात डोळे फिरवत पडला होता. पोर मान टाकून निजलेली. हंसाबाईनं तळपायाला टिचकी मारली. पोर हलली नाही. तिनं पुन्हा मारली, या वेळी जोरात. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला.

"साबनानं तीनदा धुतली म्या," भारत मागून आला. "तू उगाच घाबरून राह्यली."

हंसाबाईनं पोर उज्ज्वलेकडे दिली. आत गेली, कूलरच्या टाकीतलं पाणी गिलासात भरून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"पी."

भारतनं गिलास घेतला. ओठांपाशी नेला. तो उडवायला हंसाबाईचा हात तयारच होता. पण भारतचा हात आपोआप थांबला. वास आता त्यालाही आला होता. त्यानं गिलास खाली ठेवला आणि मान वर केली नाही.

"ऑटोवाल्या शामले फोन लाव. गाडी आन म्हन, पोरीले डाक्टरले दाखवू," ती म्हणाली. त्यानं फोन लावला. तो बोलून होईस्तोवर ती थांबली.

"आता आयक. मोडलेलं फेकाची ह्या घराची रीत नाही, म्हनून तुलेबी ठेवून घेतो. पन जहराची वस्तू जहराच्याच कामाची. ते मोटर मातीत गाडू नको, पंपाले परत बसव. आन् इथून पुढं तू जे जोडशीन, त्याच्यापुढं आधी तू झोपशीन, मंग आमचं लेकरू."