शून्य मिलिमीटर

"सायेब, मागल्या साली माझी चूल ओढ्यातनं व्हात गेली. ती काय पव्हाय गेली हुती व्हय?"

ओढ्याकाठच्या वस्तीवरल्या अंजनाताईंच्या या प्रश्नावर चावडी हसली. अभियंता साहेब हसले नाहीत. वस्तीला वरच्या गायरानावर जागा द्यायची की नाही, हे ठरवायला सत्त्याण्णव सालच्या आषाढात ते पुण्याहून आले होते, आणि उत्तर छापूनच आणले होते. येरळा नदीच्या खोऱ्यातला पाऊस संगणकात घातला, जमीन किती प्याली, ओढ्याला किती आले, याचे गणित मांडले. आमच्या ओढ्याला पूर येत नाही, असे निष्पन्न झाले. ओढ्याला हे कोणी कळवले नव्हते, एवढीच अडचण.

"पाऊस किती धरलाय?" अंजनाताईंनी विचारले.

"तीन पावसाळे, जवळजवळ शून्य. तुमच्याच गावची नोंद आहे."

माझी मान खाली गेली. नोंद माझी होती. पर्जन्यमापक माझ्या चुलतीच्या, सुलाकाकूंच्या परसात. रोज सकाळी साडेआठला मी त्यातले पाणी मोजी. कित्येकदा भिजल्या बोटांनी मी शून्य लिहिले. मन कुरकुरे, पण सरकारला माझे भिजणे नको होते, भांड्यातले पाणी हवे होते. कडेगावकडचा भाग कोरडाच, म्हणून पुण्यालाही नवल वाटले नाही.

"शून्यच असनार!" सुलाकाकू अभिमानाने उठल्या. "ढग दिसला की मी वर परात झाकायची. सरकारी भांडं, गंजलं म्हंजे? ह्यो जालिंदर मोजाय यायच्या आदी काढून ठेवायची. थेंब आत जाऊ दिला न्हाई!"

चावडीच्या पत्र्यावर सर वाजू लागली.

"आवं काकू," अंजनाताई म्हणाल्या, "आमच्या वस्तीवर बी येक परात झाकायची की!"

साहेबांनी नियम सांगितला. नवी नोंद तीन वर्षे घ्यावी लागेल. तोवर हाच निष्कर्ष ग्राह्य.

"मग ह्यो पावसाळा तुमी माझ्याच घरात काढा. पूर येत न्हाई म्हंता न्हवं?" अंजनाताई म्हणाल्या.

साहेबांनी दाराबाहेर पाहिले. ओढ्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळवंडले होते. मग पेन काढून त्यांनी शेरा लिहिला: 'वस्ती तातडीने गायरानावर हलवावी.'

"कारण काय लिहू?"

माझाच आवाज मला ऐकू आला.

"लिवा सायेब, गावात पाऊस पडतुय."

साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतले आणि खाली माझी सही घेतली.