चार बोटं कमी

मला मूर्ख म्हणा, चालेल. माझं काम वाकडं म्हटलेलं मात्र मी ऐकून घेत नाही. तीस वर्षं सुतारकाम करतेय. मैदानातला स्केटबोर्डचा रॅम्प मीच बांधला: दोन्हीकडे वळत वर जाणारा चढ, मध्ये सपाट फळ्या, बाजूनं पाहिलं तर उथळ कढईसारखा. दोन्ही कडांची उंची पाण्याच्या नळीनं पातळी लावून मिळवून घेतलेली, केसाचा फरक नाही.

तरी माझी लेक स्केटबोर्ड घेऊन एका कडेवरून सुटली की समोरच्या कडेला चार बोटं कमी पडायची. वीस वेळा केलं, वीसही वेळा तेवढीच. मैदानाचा मॅनेजर म्हणाला, "समोरची बाजू उंच झालीय, बाई. शनिवारपर्यंत नीट करा, नाहीतर रॅम्प काढून टाकतो."

माझं डोकंच फिरलं. पुन्हा मोजलं, सारखंच. आणि मग ट्यूब पेटली. सारखं होतं म्हणूनच तर ती कमी पडत होती. चाकं घासतात, वारा अडवतो, वरून आणलेला जोर वाटेत थोडा थोडा गळतो. तेवढीच उंची परत गाठणार कशी? अचूकपणाच्या तोऱ्यात मी घर्षणाचा हिशेबच धरला नव्हता.

शुक्रवारी सकाळी करवत घेऊन गेले. समोरची कड चार बोटं उतरवायची, लेक आपोआप पोचेल, विषय संपला. लेक आडवी आली.

"आई, करवत ठेव. कमी पडतो तो जोर मी घालते."

"कुठून आणशील? खिशातून?"

"गुडघ्यातून. झोपाळ्यावर उभं राहून घेतो ना, तसा."

ती बसून उठत होतीच, पण मधल्या सपाट फळ्यांवर. त्यानं वेग काडीचा वाढत नव्हता.

"अंग कुठं जड होतं तुझं?" मी विचारलं.

"वळणावर. चढ सुरू होतो तिथं. कुणीतरी खांदे दाबून धरल्यासारखं."

"मग तिथंच उठ की. जड असतं तिथं उठलीस तरच तो जोर चाकांना मिळेल."

"तिथं पाय थरथरतात गं."

"थरथरू देत."

पहिल्यांदा पडली, कोपर सोललं. मी फुंकर घालायला धावले तर म्हणाली, "बाजूला हो." दुपारपर्यंत दोन बोटं उरली, संध्याकाळी एक.

शनिवारी मॅनेजरसमोर ती सुटली, वळणावर दात आवळून उठली आणि समोरच्या कडेवर जाऊन उभी राहिली.

"कापलीत ना शेवटी?" तो मला म्हणाला.

"मोजा."

त्यानं दोन्ही बाजू दोनदा मोजल्या आणि निघून गेला. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण वर उभ्या पोरीचे पाय अजून लटपटत होते, आणि तिला हे स्वतःच्या जोरावर मिळूच नये याची तयारी मी, तिच्या आईनं, करवत आणून मायेपोटी केली होती. मला तिथंच रडू आलं.