बायका आणि बेड्या

मी दिलेला शब्द कधी फिरवला नाही. अठ्ठावीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं, एकाही गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणून परत धाडलं नाही. धाकटीचं लग्नही तसंच ठरवलं. मुलगा परदेशात, हॉटेलात मॅनेजर. तिचा स्पॉन्सर तोच होणार, म्हणजे कागदोपत्री तिची हमी घेणार.

त्याच्याशी दोनदा फोनवर बोलून धाकटी म्हणाली, “आई, हा बोलत नाही गं, हजेरी घेतो.”

“घेऊ दे. मी नाही घेत?”

थोरली कोर्टात स्पॅनिशची दुभाषी. त्या दिवशी आली ती बॅग न ठेवताच सुरू झाली. साक्षीदार म्हणाला, पोलिसांनी मला ‘एस्पोसास’ घातल्या. नवख्या दुभाष्यानं सांगितलं, पोलिसांनी याला बायका घातल्या!

मी पोट धरून हसले. “घालोत बापडे, फुकट मिळाल्या तर!”

ती हसली नाही. “एस्पोसा म्हणजे बायको. एस्पोसास म्हणजे बायका आणि बेड्याही. मूळ लॅटिन, स्पोंदेरे. शब्द देणं, हमी देणं. इंग्रजीतला स्पाउस, म्हणजे नवरा किंवा बायको, तिथूनच आला. स्पॉन्सरही.”

“म्हणजे सगळे एका घराण्यातले.”

“हो. आणि त्याच घराण्यात तू मुलगी देतेयस.”

“चार बुकं जास्त शिकलीस म्हणून मला शहाणपण शिकवू नकोस. आता मोडलं तर लोक तोंडात शेण घालतील.”

धाकटी कापड बेतत होती. कात्री थांबली. “शब्द तू दिलास आई, जावं मला लागणार. मला नाही जायचं.”

मी म्हटलं, रेघ सोडून कापू नकोस.

ती गेली. चार महिन्यांनी तिचा फोन तोच उचलू लागला, ‘ती कामात आहे.’ मग एकदा ती शेजारणीच्या फोनवरून बोलली. पासपोर्ट त्याच्या कपाटात. घर सोडलं तर हमी काढून घेईन म्हणतो. बाहेरून कुलूप.

मी त्याला झापायला फोन केला. तो गोड बोलला, “आई, तुम्हीच तर दिलीत.” माझ्या तोंडाला कोणी कधी कुलूप घातलं नव्हतं. त्यानं घातलं.

थोरलीनं तिथलं बायकांचं मदतकेंद्र शोधलं; त्यांना लेखी हवं होतं. मुलगी नको म्हणत असताना आईनं पाठवली, असं. थोरली म्हणाली, “मी लिहिते, तू सही कर.” मी म्हटलं, माझं मीच लिहिणार. वेडीवाकडी अक्षरं, पण एकही ओळ गाळली नाही. जगानं वाचावं.

ते पाठवून सहा आठवडे झाले. केंद्र म्हणतं, त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही.