बाकड्याच्या मधोमध

समजा, तुम्ही एका शिंप्याच्या दुकानात बसला आहात. दुकान इतकं अरुंद, की मशीन आणि भिंत यांच्यामध्ये एकच बाकडं मावतं. कानाशी मशीनची घरघर चालू आहे आणि तुम्ही गणितं सोडवत आहात. घरघर मध्येच थांबते. शिवण संपल्यावर थांबते तशी नाही, अर्ध्या बाहीवरच. तुम्ही मान वर करून बघाल ना? तिथे बसलेल्या शिंप्याच्या मुलीनेही तेच केलं.

बाबांनी उजवा पाय पायडलवरून उचलला होता आणि दोन्ही हातांनी पोटरी घट्ट धरली होती.

"आला वाटतं पाहुणा," मुलगी म्हणाली.

"आला आणि तंगड्या पसरून बसला," बाबा म्हणाले.

त्या दुखण्याला घरात सगळे पाहुणा म्हणत, कारण ते न बोलावता येई आणि जायचं नाव घेत नसे. कमरेच्या खालून निघे, मांडीच्या मागून सरसरत पोटरीत उतरे. मुलीलाही खरं नाव होतं, पण अंगाने काटकुळी आणि शिंप्याची लेक, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. आई कामावरून येईपर्यंत घरी कोणी नसे, म्हणून शाळा सुटली की ती सरळ दुकानात येई आणि बाबांच्या उजव्या हाताला बसे. पहिलीत असताना तिला वीतभर जागा पुरायची. आता ती चौथीत होती. तिचे पाय जमिनीला टेकू लागले होते. बाकडं मात्र होतं तेवढंच होतं.

पाहुण्याला घालवायचे उपाय सगळ्यांकडे होते. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांच्या मते हा वात होता. त्यांनी दिलेलं तेल बाबा पोटरीला इतकं चोळत, की शेवटी आईने विचारलं, पाय बरा करायचाय की तळायचाय? आत्या म्हणाली, दोष चपलांचा. नव्या चपला आल्या. बाबांना वाटे पायडलच जड झालंय, म्हणून त्यांनी सगळं मशीन खोलून साफ केलं. पाहुणा हलला नाही. एका शाळेच्या गणवेशांचे कापलेले तुकडे मशीनशेजारी तसेच पडून होते. मग आत्या एकदा हळूच म्हणाली, की पायच साथ देत नसेल तर मशीन विकून टाकलेलं बरं. बाबांनी नुसतं मशीनवर फडकं फिरवलं. ते फडकं फिरताना टाचणी बघत राहिली.

शेवटी आईने त्यांना फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. टाचणी सोबत गेली.

कुठे दुखतं, असं बाईंनी विचारल्यावर बाबांनी पोटरी दाखवली. बाईंनी पोटरीला हातही लावला नाही. त्यांना झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, खोकायला लावलं. कंबर चाचपली. मग उजव्या कुल्ल्यात अंगठा खोल रुतवला, तसे बाबा कळवळून उठून बसले.

"हा सायटिका," बाई म्हणाल्या, आणि टाचणी कान देऊन ऐकते आहे हे पाहून तिच्याकडेच वळल्या. कमरेतून एक जाड नस निघते, कुल्ल्यातून मांडीच्या मागे जाते आणि पार पावलापर्यंत पोचते. ती कुठे दाबली गेली, की कळ तिच्या वाटेने खाली जाते. बहुतेकांच्या बाबतीत दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि नसेवर दाब देते. म्हातारपणी नसेची वाटच अरुंद होते. आणि कधी कधी पाठीत काही बिघडलेलं नसतं. कुल्ल्यातला एक स्नायू आखडतो आणि नसेला आवळतो. तपासून तरी त्यांना बाबांचं दुखणं या शेवटच्या जातीचं वाटत होतं.

टाचणीने जरा विचार केला.

"दोरा वर अडकतो आणि टाका खाली तुटतो. तसं?"

"अगदी तसं. आणि तुम्ही आपले टाक्यालाच तेल लावताय," बाई हसून बाबांना म्हणाल्या. "आता त्या बाकावर बसा बघू. कामाला बसता तसेच."

बाक चांगला लांबरुंद होता. बाबा त्याच्या डाव्या टोकाला बसले, अर्धे आत, अर्धे बाहेर. सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, कंबर पिळलेली. उरलेला सगळा बाक त्यांच्या उजव्या हाताला रिकामा होता.

बाईंनी त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"इथे कोण बसतं?"

"कोणी नाही," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "सवय आहे माझी."

टाचणी दप्तराच्या पट्ट्याचा निघालेला धागा ओढत राहिली.

बाईंनी व्यायाम शिकवले. अधूनमधून उठा, दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार देऊन बसा, पाय बधिर पडला किंवा त्यातली ताकद गेली तर थांबू नका, लगेच या, असं बजावलं. हळूहळू उतार पडेल म्हणाल्या. परतताना दोघं सावकाश चालत होती. घरी आत्याने कारण विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "वय झालं, दुसरं काय."

टाचणीने ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने चिंध्यांचं लाकडी खोकं दाराजवळ, मशीनच्या समोर ओढलं, उपडं घातलं आणि त्यावर वही उघडून बसली.

"तिथे धूळ येते, टाचणे. ये इकडे."

"नको. इथून तुझं तोंड दिसतं."

"माझ्या तोंडात काय बघायचंय?"

"पाहुणा आला की आधी तोंडावर कळतं."

बाबांनी पायडलवर पाय ठेवला. मशीन सुरू झालं. एक गणित सोडवून टाचणीने वर पाहिलं. बाबा डाव्या टोकाला बसले होते. शेजारची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ती उठली. त्यांना उभं केलं. टेबलावरचा कापड आखायचा खडू घेतला आणि बाकड्याच्या बरोबर मधोमध, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, एक रेघ मारली.

"ही रेघ पँटच्या मधल्या शिवणीवर उमटली पाहिजे. संध्याकाळी बघणार आहे मी."

"बरं, मास्तरीणबाई," बाबा म्हणाले आणि रेघेवर बसले.

संध्याकाळी काम आटोपून ते मशीन झाकायला उठले, तशी ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. इस्त्रीवाले काका दारातून डोकावून म्हणाले, मास्तर, आज स्वतःलाच कापायला घेतलंत की काय?

रेघ उमटली होती, पण मधल्या शिवणीवर नाही. ती मागच्या उजव्या खिशावर होती.

टाचणीने हाताने खिसा झटकला. मग ती बाकड्यापाशी वाकली आणि पुसट झालेली रेघ पुन्हा मारली, आधीपेक्षा जाड.