घरटी एक नंबर

नर्सने शिवणकामवाल्या मावशींच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि आकडे कामाच्या मोबाइलमध्ये टाकले. मावशींच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

"झोप लागते?"

"लागते की. तुमचा हा फोन रोज सकाळी विचारतो, गोळी घेतली का म्हणून. माझ्या सासूने कधी एवढी चौकशी केली नाही बाई."

नर्स हसली. म्हणजे तिचे ओठ हलले. पुरानंतर तिचं असंच चाललं होतं, हाताने चोख आणि आतून बधिर. शाळेच्या या वर्गात चटयांवर राहणाऱ्या प्रत्येकाचं औषधपाणी तिच्याकडे होतं. सकाळी ज्याला त्याला मेसेज जायचा. उत्तर आलं की ठिपका हिरवा, नाही आलं तर लाल, आणि मग तिने जाऊन बघायचं.

आज एकच लाल उरला होता. डॉक्टरांचा फोन आला.

"सिस्टर, तो एक रोज लाल येतोय. पेशंट सापडत नाही का?"

"सापडलाय."

"मग नंबर चुकला असेल. बदलून टाका. नाहीतर उद्या नाव आपोआप निघेल, औषध बंद."

नंबर चुकला नव्हता. नोंदणीत घरटी एकच नंबर घेत होते आणि तिला पाण्यातून काढलं तेव्हा तिने नवऱ्याचा सांगितला होता. तो मागच्या होडीत असेल असं ती धरून चालली होती; तो नव्हता. घरी तिला गोळीची आठवण तोच करून द्यायचा. आता रोज सकाळी ती आठवण त्याच्या फोनवर जात होती. निदान तेवढी तरी जात राहावी, असं तिला वाटायचं.

"कोणाचं राहिलंय?" मावशींनी विचारलं.

"माझं."

मावशींनी पट्टा उचलला आणि तिच्या दंडाला गुंडाळला, उलटाच. नर्सने तो सुलटा केला नाही.

"झोप लागते?"

"नाही."

तिने जुना नंबर खोडला. तो तिला पाठ होता, तरी खोडताना एकेक आकडा वाचला. मग स्वतःचा टाकला. खिशातला तिचा फोन लगेच थरथरला.

'आजची गोळी घेतली का?'

तिला रडू फुटलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली.

"मावशी, जरा पाणी देता?"