तीन मजल्यांसाठी मशीन

जुलै लागला की झिवोरादची कंबर कुरकुरायला लागायची. ऑगस्टमध्ये मुलगा साशा ऑस्ट्रियातल्या लिंझहून दोन आठवडे यायचा, आणि त्याआधी त्याचं तीन मजली घर धुऊन लख्ख करणं हे बापाचं काम. बादली, लांब दांड्याचा ब्रश आणि शिडी. बारा वर्षं हेच चाललं होतं. घरात कुणी राहत नव्हतं, सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. पण फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले होते, आणि या गावात सिंह काळे पडले तर लोक पोराला नाही, बापाला नावं ठेवतात. निम्मं गाव ऑस्ट्रियात, आणि मागे उरलेले म्हातारे त्यांच्या रिकाम्या घरांची राखण करणारे. पगार नाही, सुट्टी नाही.

यंदा डॉक्टरने शिडीवर चढायला साफ मनाई केली. म्हणून झिवोराद आपली जुनी गाडी काढून पेत्रोवात्स गावातल्या दुकानात प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारून धुणारं मशीन, घ्यायला आला होता.

"काका, धुवायचं काय ते आधी सांगा," दुकानवाली रुझित्सा म्हणाली. "इथे जो तो येतो आणि दाब किती बारचा, किती बारचा विचारतो. काम कुणी सांगत नाही."

"अंगण, गाडी आणि घर."

"घर केवढं?"

"आमचं बैठं. शेजारी मुलाचं, तीन मजली."

रुझित्साने दोन मशीनं पुढे ओढली. एक लहान, हातात उचलून नेण्याजोगं. दुसरं चाकांचं, चांगलं वासराएवढं. "अंगणाला आणि गाडीला हे लहान भरपूर झालं. गाडीचा रंग पोपडे धरत असेल तर नोझल हातभर लांब धरा, नाहीतर रंगच धुऊन निघेल. तीन मजल्यांना मात्र हे मोठंच लागेल. पाणी नळाचं की विहिरीचं?"

"विहिरीचं."

"मग पुढे फिल्टर लावा, नाहीतर वाळू जाऊन पंप बसेल. आणि मोठं मशीन मिनिटाला नऊ लिटर पितं. विहीर पुरेल?"

विहीर आत्ताच तळाला गेली होती. झिवोरादने मोठ्या मशीनचा दांडा धरून ते जरासं ओढून पाहिलं. कंबरेतून कळ आली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर साशा होता, कामावरच्या पिवळ्या जाकिटात.

"बाबा, मोठंच घे. मागच्या वर्षी वरची गच्ची हिरवी पडली होती. पैसे मी पाठवतो."

"ते वर चढवणार कोण?"

"पाइप लांब घे की. खालूनच मारायचं."

बोलणं साधंच होतं, पण झिवोरादला एकाएकी इतका थकवा आला की तो तिथल्याच खताच्या पोत्यावर बसला. बारा वर्षं जो प्रश्न त्याने टाळला होता, तो तोंडातून निघून गेला.

"साशा, तू इथे राहायला येणार आहेस का रे?"

"बाबा, तू दुकानात आहेस ना? घरी गेल्यावर बोलू."

"मशीन दुकानातच घ्यायचंय. तू येणार असलास तर मोठं घेतो. कंबर मोडली तरी घेतो."

साशाने जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "मार्चमध्ये इथे फ्लॅट घेतला, बाबा. पोरींची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. ऑगस्टमध्ये आल्यावर समोर बसून सांगणार होतो."

"बरं," झिवोराद म्हणाला. रुझित्सा पाठ करून उगाच नळ्या मोजत राहिली. त्याने फोन खिशात टाकला आणि लहान मशीनकडे बोट दाखवलं. वाईट तर वाटलंच, रडू फुटेल इतकं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

घरी बायको देसांका पायरीवर शेंगा सोलत बसली होती. तिने खोकं पाहिलं.

"एवढंसंच?"

"अंगणापुरतं. साशा इथे राहायला येणार नाही. तिकडे फ्लॅट घेतलाय."

"माहीत आहे," देसांका म्हणाली. "सूनबाईने ईस्टरलाच सांगितलं."

झिवोरादने खोकं खाली ठेवलं. "ईस्टरला? त्यानंतर डॉक्टरने अडवेपर्यंत मी महिनाभर त्या भिंती घासल्या. ब्रश झिजवले मी दोन. आणि तू खिडकीतून बघत होतीस?"

"बघत होते."

"तोंड शिवलं होतं का तुझं?"

देसांकाने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "झिका, पेन्शनीत गेलास तेव्हा तू सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतास. मग साशाने ते घर बांधलं, आणि तू सहाला उठायला लागलास. रोज काहीतरी. आज गटार, उद्या गच्ची. मला ते घर नकोच होतं कधी. मला तू उठायला हवा होतास."

तिचे हात शेंगांच्या रसाने हिरवे झाले होते. ती थकलेली दिसत होती, त्याच्यापेक्षाही जास्त. चिडायचं म्हणून तो उभा होता, पण चिडायला अंगात बळ लागतं. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि ताटातल्या शेंगा सोलायला लागला.

"मग उद्या काय करू?" त्याने विचारलं.

"उद्या झोप," देसांका म्हणाली. "आठला मी उठवेन."