घरी विचारून सांगते

सहावं घर हातचं गेलं तेव्हा मी त्या घरं दाखवणाऱ्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात हो. तोंडावर हसून "काही हरकत नाही" म्हणाले. परक्या देशात राग गिळायला शिकावं लागतं, आणि मी तर जन्माची तापट.

मी इथल्या इस्पितळात नर्स. राहते नर्सेसच्या वसतिगृहात, एका खोलीत तिघी. नवरा आणि पाच वर्षांची ठकी तिकडे, सासरी. चौदा महिने झाले. त्यांना इकडे आणायचं तर भाड्याच्या घराचा करार माझ्या नावावर हवा आणि तो शुक्रवारपर्यंत व्हिसाच्या कचेरीत पोचायला हवा. नाही पोचला तर फाईल बंद. नवा अर्ज, म्हणजे आणखी एक वर्ष.

बारा तास म्हाताऱ्या पेशंटना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, आणि सुटल्यावर दोन बस बदलून घर बघायला जायचं. जिने चढताना पोटऱ्या ठणकायच्या. एवढं करून दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, घर दुसऱ्याला दिलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! मला वाटायचं, आपला रंग बघून, आपलं बोलणं ऐकूनच नाकारतात मेले.

मंगळवारी सातवं घर बघितलं. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दुसरा मजला. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीला ओल होती, पण मोरी स्वच्छ होती आणि शाळा पाच मिनिटांवर. आवडलं की नाही ते विचारू नका, आवडण्याचं त्राणच उरलं नव्हतं. मी सवयीने फोन काढला.

"आता परत त्या सगळ्यांना दाखवणार?" बाईने विचारलं. इथली भाषा मला मोडकीतोडकी येते, ती बिचारी सावकाश बोलायची.

"हो. घरी."

"इथे राहणार कोण कोण?"

"मी, नवरा आणि मुलगी."

"मग बाकीचे कोण असतात?"

आता तिला काय सांगू! सासरे म्हणणार, "नळ सोडून दाखव, पाण्याला जोर आहे का?" सासूबाई म्हणणार, "ओटा केवढासा गं, पोळपाट तरी मावेल का?" थोरले दीर बजावणार, "पहिलं दिसलं ते घ्यायचं नसतं, अजून चार बघ." आणि नवरा? "तुला काय वाटतं?" असं विचारून मी तोंड उघडायच्या आत म्हणणार, "थांब, दादा काय म्हणतोय ते ऐक." आमच्या घरी पडद्याचं कापडसुद्धा सगळ्यांना विचारल्याशिवाय येत नाही. म्हणून दर वेळी मी हिला सांगायचे, घरी विचारून सांगते. तिकडे एकमत व्हायला एक दिवस लागायचा.

बाईने तिची वही माझ्यापुढे धरली. माझं नाव सहा वेळा आणि प्रत्येक नावापुढे एकेक फुली.

"ही फुली तुमची," ती म्हणाली. "इथे घर नको असलं की लोक असंच म्हणतात, विचारून सांगतो. तोंडावर नाही म्हणवत नाही ना. मला वाटलं, तुम्हाला एकही पसंत नाही."

अगं बाई, आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? मुलगी बघायला आलेले पोहे खाऊन "घरी विचारून कळवतो" म्हणत जिना उतरतात, त्यांच्यातले किती परत येतात? हे मला कळू नये? चौदा महिने लेकीपासून लांब, आणि सहा वेळा मीच माझ्या तोंडाने नको म्हणून आले!

"कागद आणलेत?" मी विचारलं. "द्या. कुठे सही करू?"

तिने सहीच्या जागा दाखवल्या. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेली. मग मी घरी फोन लावला.

"सही करून मोकळी?" दीर म्हणाले. "आम्हाला विचारायची पद्धत नाही?"

"नाही विचारलं, दादा."

सासूबाईंचं तोंड वाकडं झालेलं स्पष्ट दिसलं. नवऱ्याने फोन उचलला, आतल्या खोलीत नेला आणि हळूच म्हणाला, "बरं केलंस." माझा राग थोडा उतरला. थोडाच. हेच चारचौघांत बोलला असता तर काय बिघडलं असतं?

ठकीने त्याच्या हातातून फोन ओढला. मी तिला सगळं फिरवून दाखवलं.

"बाबा कुठे झोपणार?"

"इथे, भिंतीकडे."

"मी खिडकीपाशी!"

"बरं. खिडकीपाशी."

तिने जरा विचार केला. "आणि तू कुठे राहणार?"

"मी? इथेच की, सोन्या. तुमच्याजवळ."

"मग आम्हाला फोन कोण करणार?"

खोलीत बसायला खुर्चीही नव्हती. मी फरशीवरच बसले.

"कोणी नाही करणार," मी म्हणाले. "फोन नाही लागणार आता."

तिचा चेहरा एवढासा झाला. तिने फोन छातीशी घट्ट धरला, पडदा काळा झाला आणि आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं, "मला ती फोनमधली आईच पाहिजे."